हवंय वर, चालेल खाली

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर आईवडिलांना मनातल्या मनात हात जोडून मी सांगतो : कोथरूडच्या मेसवाल्या काकूंचे.

कॉलेजची सगळी वर्षं मी त्यांच्याकडे जेवलो. पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर होतं. बाहेरच्या खोलीत भिंतीकडेने लांब बाकं आणि टेबलं, आतल्या खोलीत काकू, शेगडी आणि पोळ्या लाटायला येणाऱ्या मावशी. बाहेरगावाहून शिकायला आलेली आम्ही मुलं दोन्ही वेळा तिथे जेवायचो. काकू उंच, सडपातळ, चष्मा कपाळावर सरकवलेला. आणि बोलणं असं, की आपण नेमके कशात चुकलो हे समोरच्याला जिना उतरताना समजावं.

मी यवतमाळकडच्या एका तालुक्याच्या गावातून आलो होतो. घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होते. प्रवेशाच्या वेळी ते माझ्याबरोबर पुण्याला आले. कॉलेजच्या खिडकीपाशी नंबर आला तेव्हा हात जोडून म्हणाले, "पोरगं हुशार आहे जी. कुठंही बसवा, चालते."

खिडकीतल्या माणसाने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाला, "अहो, बसवायला ही काय एसटी आहे? शाखा सांगा."

वडील गोंधळले. मी मागून पुटपुटलो, "सायन्स."

"सायन्स चालते," वडील म्हणाले.

हा 'चालते' आमच्या घरचा शब्द. त्याला मी आजही नावं ठेवत नाही. दुसऱ्याच्या दारात गेलं की आपल्यापायी कोणाला त्रास होऊ नये, आपण कोणाला जड होऊ नये, अशी आमच्याकडची रीत होती. पाहुण्याला गोड चहा चालायचा, बिनसाखरेचाही चालायचा. सतरंजी चालायची, नुसती जमीनही चालायची. लग्नाच्या पंगतीत वाढप्याने पुढे यावं, आणि आपण पानावर हात आडवा धरून म्हणावं, असू द्या, जे आहे ते चालते. वडील हा शब्द धुतलेल्या सदऱ्यासारखा वापरत. घराबाहेर पडताना अंगावर असलाच पाहिजे. पुण्याला येताना मीही तो घालूनच आलो. पुण्याच्या हवेत 'चालते'चं 'चालेल' झालं, एवढाच फरक.

मेसमधल्या पहिल्या दिवशी काकूंनी विचारलं, "आधी पोळी की आधी भात?"

"काहीही चालेल," मी म्हणालो.

"काहीही नावाचा पदार्थ माझ्या स्वयंपाकघरात होत नाही," काकू म्हणाल्या आणि पुढच्या मुलाकडे वळल्या. त्याने म्हटलं, "पोळी हवीय." त्याला पोळी मिळाली. त्याच्या पुढच्याने भात मागितला, त्याला भात मिळाला. माझं ताट तसंच. शेवटी सगळ्यांचं वाढून झाल्यावर काकू माझ्याकडे आल्या. पोळ्या संपत आल्या होत्या, भात तळाशी गेला होता. दोन्ही थोडं थोडं वाढत त्या म्हणाल्या, "आमच्याकडे असंच आहे. ज्याला हवंय त्याला आधी. ज्याला चालतंय त्याला उरलेलं. वाईट वाटून घेऊ नकोस, तूच सांगितलंस चालेल म्हणून."

बाकावरची पोरं हसली. मी लाल झालो. पण दुसऱ्या दिवशीही माझ्या तोंडून 'चालेल'च निघालं, आणि तिसऱ्या दिवशीही. अंगात मुरलेलं असं थोडंच निघतं? काकूही हटल्या नाहीत. मला रोज शेवटी वाढत राहिल्या.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला एक विषय निवडून तोच पुढे शिकायचा असे. मला संख्याशास्त्र मनापासून आवडायचं. का आवडायचं ते मला सांगता आलं नसतं, पण बुधवार पेठेत जुन्या पुस्तकांत त्या विषयाचं काही दिसलं की माझे पाय आपोआप थांबत. तर, विषय निवडण्याचा कागद हातात आला. त्यावर विचारलं होतं, आपली पसंती लिहा. आणि मी, कॉलेजला त्रास नको म्हणून, सुवाच्य अक्षरात लिहून दिलं : 'कोणताही विषय चालेल.'

कॉलेजने मला पदार्थविज्ञानात टाकलं. तिथे जागा होत्या.

त्या संध्याकाळी मी ताटातला भात नुसता चिवडत होतो. काकू म्हणाल्या, "काय रे, शितं मोजतोयस?" मी काय झालं ते सांगितलं. काकूंनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. हे लक्षण चांगलं नसे.

"कागदावर लिहिलंस? चालेल म्हणून?"

"हो."

"आणि आता त्यांनी तुला चालेल ते दिलंय, तर रडतोयस?"

"रडत नाहीये, काकू."

"मग भात खा. आणि उद्या त्या विभागप्रमुखांकडे जा. 'सर, मला संख्याशास्त्र हवंय.' म्हण बघू."

"आत्ता?"

"नाही, सव्वा महिन्याने."

सगळ्या पोरांसमोर मला ते वाक्य म्हणायला लावलं. पहिल्यांदा म्हणालो तर त्या म्हणाल्या, ऐकू आलं नाही. दुसऱ्यांदा म्हणालो तर म्हणाल्या, 'हवंय'वर येताना आवाज का बसतो? तिसऱ्यांदा म्हटल्यावर त्यांनी मला कोशिंबीर वाढली.

दुसऱ्या दिवशी मी विभागप्रमुखांच्या दाराशी उभा राहिलो. पाठ केलेलं वाक्य म्हणालो. त्यांनी विचारलं, "मग कागदावर तसं का नाही लिहिलंस?" मी म्हणालो, "सर, असं मागणं बरं दिसत नाही, असं वाटलं." ते बराच वेळ हसले. म्हणाले, "या वर्षी आमच्याकडे सगळे 'चालेल' म्हणून आलेत. हवंय म्हणून आलेला तू पहिलाच. तुला कसा परत पाठवू?"

त्या एका वाक्यावर माझं पुढचं आयुष्य उभं आहे. पदवी, मग विमा कंपनीतली नोकरी, आकड्यांचं आवडतं काम, कोथरूडमधलंच हे घर. त्या संध्याकाळी मेसवर परत गेलो तेव्हा काकू म्हणाल्या, "मिळालं ना? मग हस की. तेही शिकवायचं का?" आणि मग विचारलं, "आज काय हवं?" मी म्हणालो, "बटाट्याच्या काचऱ्या हव्यात." त्या दिवशी मला पहिल्यांदा आधी वाढलं गेलं.

हे सगळं मी विसरलो होतो असं नाही. पण आठवणीत असणं आणि वेळेवर आठवणं यांत फरक आहे. तो यंदा मुलीच्या प्रवेशाच्या वेळी कळला.

मुलीची बारावी झाली, प्रवेशपरीक्षा झाली, गुण चांगले पडले. त्यानंतर आमच्या घरात बोलण्याचा विषय एकच. कुठलं कॉलेज, कुठली शाखा. आमच्या सोसायटीत तळमजल्यावर राहणाऱ्या गृहस्थांचा मुलगा मागच्या वर्षी या सगळ्यातून गेला होता, त्यामुळे ते आता जाणकार झाले होते. लिफ्टची वाट पाहतानाही ते मला थांबवून सांगत, "कम्प्युटर. दुसरा विचारच करू नका."

मुलीला विचारलं, "कम्प्युटर घेशील?"

"चालेल, बाबा."

"नाहीतर आयटी?"

"तेही चालेल. चिल, बाबा. इतकं टेन्शन नको घेऊस."

मला किती बरं वाटलं! इतरांच्या घरी पोरं दारं आपटतात, रडतात, आईबापांशी अबोला धरतात. आमची गुणी. सगळं चालतंय तिला. मी ऑफिसात दोघातिघांना कौतुकाने सांगितलंसुद्धा.

त्यातच शहराबाहेरच्या एका खासगी विद्यापीठाचं पत्र आलं. ईमेलवर, वर सोनेरी पट्टी. आपल्या पाल्याला कम्प्युटर शाखेत प्रवेश देताना आम्हाला आनंद होत आहे, अमुक तारखेच्या आत होकार कळवावा. मी ते छापून आणलं आणि दोनदा वाचलं. माझ्या वडिलांनी ज्या खिडकीपुढे हात जोडले होते ती माझ्या डोळ्यांसमोर आली. आज कोणीतरी आपणहून आपल्या मुलीला 'या' म्हणतंय. आणि आपण त्यांना 'थांबा' म्हणायचं? मला ते उद्धटपणाचं वाटू लागलं.

दुसरीकडे सरकारी प्रवेशफेऱ्यांचा अर्ज भरायचा होता. त्यात हव्या त्या कॉलेजांची आणि शाखांची क्रमवार यादी द्यायची असते. हे काम मी अंगावर घेतलं. आकडेमोड माझ्या पोटापाण्याचा उद्योग. गेल्या वर्षी कुठे किती गुणांवर प्रवेश थांबले ते पाहून, कुठे मिळण्याची शक्यता किती, असा तक्ता केला. आणि क्रम लावला. सगळ्यांत वर काय, तर जे नक्की मिळेल ते. त्याखाली जे बहुतेक मिळेल ते. मग जे कदाचित मिळेल ते. मुलगी एकदा जाता जाता म्हणाली होती, "मेटलर्जीपण टाक हवं तर," म्हणून शहरातल्या जुन्या सरकारी कॉलेजातली ती धातूंची शाखा मी तळाशी घातली. माझ्या डोक्यात हिशेब सरळ होता : मोठं मागायला जावं आणि हातचंही सुटावं, असं नको. यादी मुलीला दाखवली. तिने वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. तळाशी क्षणभर थांबलं ते. म्हणाली, "मस्त आहे. चालेल."

तो शनिवार होता. अर्ज रविवारी पक्का करायचा, असं ठरलं.

रविवारी सकाळी बायको ओट्यापाशी होती. ती जन्मापासून पुण्यातली, त्यामुळे माझ्या यादीबद्दल तिचं मत मला मागावं लागलं नाही. टेबलावरचा कागद उचलून ती म्हणाली, "अहो, ही यादी हिची आहे की तुमची?"

"तिची. मी फक्त क्रम लावला."

"मग उरलं काय? क्रम म्हणजेच तर यादी." कागद खाली ठेवून तिने मुलीला विचारलं, "पोहे करू की थालीपीठ?"

मुलगी मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, "काहीही चालेल गं."

आणि माझ्या तोंडून, मी ठरवलेलं नसताना, काकूंच्या आवाजात निघालं, "काहीही नावाचा पदार्थ आमच्या स्वयंपाकघरात होत नाही."

बायको वळून बघायला लागली. मुलगी हसली, "हे काय नवीन?"

मी हसलो नाही. मला एकदम ते ताट दिसलं. सगळ्यांचं वाढून झाल्यावर शेवटी भरलेलं. आणि माझ्यापुढच्या कागदावर मी काय केलं होतं तेही दिसलं. चालेल ते सगळं वर आणि हवं असेल ते तळाशी. शिवाय नियम असा, की पहिल्या फेरीत यादीतलं पहिलं मिळालं तर प्रवेश तिथेच पक्का होतो. मग पुढे काही मागता येत नाही. जे नक्की मिळणार ते मी पहिलं लिहिलं होतं, म्हणजे तेच मिळणार होतं. तळापर्यंत कोणी वाचणारच नव्हतं. नियमांची पुस्तिका मी रात्री उशाशी घेऊन झोपायचो, पण हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मला वाटत होतं, यादी म्हणजे नम्रपणे केलेली विनंती.

मी दोघींना मेसची गोष्ट सांगितली. बायकोने काचऱ्यांपर्यंतची पूर्वी ऐकली होती, मुलीने नव्हती. ती ऐकत राहिली. मी म्हणालो, "आता तू सांग. यादी बाजूला ठेव. तुला काय हवंय?"

टेबलावरच्या पितळी वाटीला तिने नखाने टिचकी मारली. ही तिची जुनी सवय. नववीपासून ती घरातल्या प्रत्येक भांड्याला टिचकी मारून कान लावायची, आणि आम्ही तिला त्यावरून चिडवायचो.

"मेटलर्जी," ती म्हणाली. "मला मेटलर्जी हवंय."

"मग बोलली का नाहीस?"

"तू इतकं मन लावून यादी केली होतीस. आणि..." ती थांबली. "मागितलं आणि नाही मिळालं, की सगळ्यांना कळतं की नाही मिळालं. चालेल म्हटलं की कोणाला काही कळत नाही."

हे मला कोणी कधी इतकं स्वच्छ सांगितलं नव्हतं. माझ्या घरचा हा शब्द मी रीत म्हणून जपला होता. त्याच्या आत भीतीही असते, हे माझी अठरा वर्षांची मुलगी मला सांगत होती.

"थालीपीठ," ती आईला म्हणाली. "थालीपीठ हवंय. लोण्याबरोबर."

"लोणी नाहीये," बायको म्हणाली. "पण मागितलंस, बरं वाटलं."

खाऊन झाल्यावर मुलगी म्हणाली, "चल, तुला दाखवते." तिच्या मागे स्कूटरवर बसून मी तांबट आळीत गेलो. नववीत शाळेच्या प्रकल्पासाठी ती तिथे गेली होती. तेव्हा तिने घरी येऊन मला विचारलं होतं, ठोकून ठोकून तांबं कडक का होतं, आणि भाजलं की परत मऊ का होतं? मी म्हणालो होतो, होत असेल. माझ्याकडून विषय तिथे संपला होता. तिच्याकडून नव्हता संपला.

आळीत रविवारीही ठोके चालू होते. एका दुकानाच्या ओट्यावर एक कारागीर तांब्याच्या घागरीला ठोके देत बसले होते. त्यांनी मुलीकडे पाहिलं आणि हातोडी थांबवली.

"ही ती प्रश्नवाली ना? केवढी झाली!"

"काका, हे माझे बाबा."

"या. बसा. तुमच्या मुलीने त्या वेळी माझी अख्खी दुपार खाल्ली होती. हे का, ते का. आता काय शिकणार?"

"हेच," मुलगी म्हणाली. "तुम्ही वरून ठोकता तेव्हा आत काय होतं, ते."

"शिक, शिक. आणि कळलं की येऊन सांग. आत काय होतं ते ठाऊक नाही, बाहेर खांदा दुखतो एवढं मला माहीत आहे. त्यावर काही निघालं तर बघ."

तिने पुढे होऊन घागरीच्या कडेवरून बोट फिरवलं. ठोके पडलेला भाग आणि न पडलेला भाग, दोन्हींना टिचकी मारून मला म्हणाली, "ऐक." मला दोन्ही आवाज जवळजवळ सारखेच वाटले. पण तिचा चेहरा पाहिला, आणि बुधवार पेठेत पुस्तकांपाशी थांबणारे माझे पाय मला आठवले. एवढं पुरेसं होतं.

घरी येऊन तिने यादी नव्याने लिहिली. मेटलर्जी, जुनं सरकारी कॉलेज, पहिलं. मग तीच शाखा दुसऱ्या एका शहरात. त्याखाली जवळच्या शाखा. कम्प्युटर अगदी खाली. कागदाच्या कोपऱ्यात तिने पेन्सिलने लिहिलं, 'हवंय वर, चालेल खाली', आणि मला डोळा मारला. अर्ज तिनेच पक्का केला. मी फक्त शेजारी बसलो.

राहिलं ते खासगी विद्यापीठाचं पत्र. होकाराची तारीख फेरीच्या निकालाच्या आधी येत होती. तळमजल्यावरचे गृहस्थ ऐकून थक्क झाले.

"हातातली कम्प्युटरची जागा सोडताय? आणि मेटलर्जी म्हणजे काय, लोखंडच ना? मुलगी लोखंडात काय करणार?"

बायको शेजारीच भाजीची पिशवी घेऊन उभी होती. म्हणाली, "आम्ही आत्ता ज्या लिफ्टची वाट बघतोय, ती कशाची आहे असं वाटतं तुम्हाला?"

तारखेच्या दिवशी मी त्या विद्यापीठाला ईमेल लिहायला बसलो. आपण आमच्या मुलीला बोलावलंत, याबद्दल आम्ही मनापासून आभारी आहोत, वगैरे. बायकोने खांद्यावरून वाचलं. "अहो, ते पत्र यंत्राने पाठवलंय. आभार कोणाचे मानताय?" तरी मी पाठवलं. नाही म्हणायला मी आयुष्यात उशिरा शिकलो, तेव्हा ते नीट म्हणावं असं मला वाटलं. पाठवल्यावर मात्र मी ते पुन्हा पुन्हा उघडून वाचलं. वडील असते तर काय म्हणाले असते, हे दिवसभर मनात येत राहिलं.

पहिल्या फेरीचा निकाल आला. मिळालं ते यादीतलं चौथं : शहराच्या कडेला असलेल्या एका कॉलेजात मेकॅनिकल. वाईट नव्हतं. आमच्या गावी असतो तर पेढे वाटले असते. मुलगी म्हणाली, "ओके आहे," आणि आत गेली. दोन दिवस तिने कुठल्याच भांड्याला हात लावला नाही. मला ते टिचकीचं टिणटिण ऐकू येत नव्हतं, आणि इतकी वर्षं ज्या आवाजावरून तिला चिडवलं त्याच्याशिवाय घर कसंतरीच वाटत होतं.

ती जागा राखून पुढच्या फेरीची वाट पाहण्याची सोय होती. पण पुन्हा वाट पाहायची म्हणजे पुन्हा 'नाही' ऐकण्याची तयारी ठेवायची. मी तिच्या खोलीच्या दारात उभा राहिलो. जिभेवर आलं होतं, मेकॅनिकलही चालेल की. ते गिळलं आणि विचारलं, "काय करायचंय?"

"थांबायचंय," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "नाही मिळालं तरी सगळ्यांना कळू दे. मागितलं होतं म्हणून सांगेन."

त्या क्षणी निकाल काही का लागेना, माझं समाधान झालं होतं. हे मी बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "तुमचं झालं. तिचं होऊ दे."

दुसऱ्या फेरीचा निकाल एका सकाळी आला. तो पाहून झाल्यावर मी ऑफिसला उशिरा येतो म्हणून कळवलं आणि काकूंना पत्र लिहायला बसलो. काकू आता साताऱ्याला मुलीकडे असतात. फोनवर त्यांना नीट ऐकू येत नाही. मागे एकदा त्यांनीच बजावलं होतं, "ओरडू नकोस, काय ते लिहून पाठव." म्हणून लिहिलं. पाठवण्यापूर्वी मुलीने वाचायला मागितलं, तेव्हा तिच्यासाठी एक प्रत ठेवली होती. ती ही :

काकू,

साष्टांग नमस्कार.

तुमच्या मेसवर रोज शेवटी जेवणारा यवतमाळकडचा मुलगा मी. आता केस पांढरे झालेत, पण तुम्ही ओळखाल.

आज माझ्या मुलीला तिला हवी असलेली शाखा मिळाली. धातूंचं शास्त्र. पुण्यातल्याच जुन्या सरकारी कॉलेजात. यादीतलं पहिलं. निकाल बघून ती आधी स्वयंपाकघरात गेली आणि मांडणीवरच्या एकूण एक भांड्याला टिचकी मारत सुटली. तिची आई म्हणाली, फोडशील. पण तिनेही एका पातेल्याला मारून बघितली.

काकू, ही जागा थोडक्यात सुटणार होती. तिची यादी मी केली होती, आणि तुम्ही शिकवलेलं विसरून चालेल ते वर आणि हवं ते तळाशी लिहिलं होतं. ऐन वेळी तुमचं वाक्य माझ्या तोंडून निघालं, म्हणून ती यादी उलटली. तुम्ही मला एकदा मागायला पाठवलं होतं, त्याचं फळ मी इतकी वर्षं खाल्लं. आता मुलीलाही मिळालं. ती तुम्हाला ओळखत नाही, पण तिच्या टेबलापुढे भिंतीवर तुमचा नियम लिहिलेला आहे.

माझ्या वडिलांचा 'चालते' मी टाकून दिलेला नाही. पाहुणा म्हणून कुठे गेलो की अजून तोच वापरतो. फक्त मागायच्या जागी तो वापरू नये, एवढं आता घरात सगळ्यांना कळलं आहे.

एक मागणं आहे. तुमच्याकडे मी आजवर काचऱ्यांशिवाय काही मागितलं नाही, म्हणून थोडं धीराने लिहितो. तिचं कॉलेज सुरू होण्याआधी एक दिवस तुम्ही आम्हाला आमच्याकडे जेवायला हव्या आहात. मी गाडी घेऊन साताऱ्याला येईन. काचऱ्या मी करीन, पोळ्या माझी बायको, तुमची सूनच म्हणा, करेल, आणि तुम्हाला सगळ्यांच्या आधी वाढू. मुलगी तुम्हाला तांब्याच्या भांड्यांतून आवाज ऐकवणार आहे. तुम्हाला नीट ऐकू येत नाही हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, हात ठेवला तरी कळतो.

कधी येता ते कळवा. कुठलाही दिवस चालेल, असं मात्र लिहू नका.

तुमचा,
शेवटी जेवणारा